मनालीच्या पॅकेजात रोहतांग मंगळवारीच का?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत हिमाचलवर अख्खं पान होतं, बर्फ, देवदार, सफरचंदाच्या बागा, फोटो पण छान होते. ते वाचून झालं की नजर आपोआप खाली जाते आणि खाली काय, सहा जाहिराती, सगळ्या कुलू-मनालीच्या. त्यातल्या एका जाहिरातीवर विश्वास ठेवून आम्ही मे महिन्यात जाऊन आलो, म्हणून हे पत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही, तुम्ही छापणार पण नाही आणि मला त्यांच्याशी भांडत पण बसायचं नाहीये. पण जाहिरातीत काय लिहिलेलं होतं आणि तिथे काय झालं ते बाकीच्या नाशिककरांना कळावं, दिवाळीची बुकिंग सुरू व्हायच्या आत.

जाहिरात अशी होती : "शिमला नाही, गर्दी नाही, फक्त मनाली! साइटसीइंग, अ‍ॅडव्हेंचर, शॉपिंग, सगळं एकाच पॅकेजात. दर शनिवारी नाशिकहून प्रस्थान. रोहतांग दर्शनासह." रोहतांग म्हणजे मनालीच्या वरची बर्फाची खिंड. माणशी २३,९९९. आम्ही पाच जण, आमचे हे, मी, बारावीची परीक्षा दिलेला मुलगा, आणि मोठे दीर-जाऊबाई. ऑफिसात गेलो तर एसी, पाण्याची बाटली, टेबलावर बर्फाचा अल्बम. मुलगी इतकं गोड बोलली की आमच्या ह्यांनी तिथेच अ‍ॅडव्हान्स भरला. जीएसटी वेगळा हे पावती हातात आल्यावर कळलं, पण ते जाऊ द्या.

आता जरा माझ्याबरोबर बोटं मोजा. शनिवारी संध्याकाळी नाशिकरोडहून राजधानी, रविवारी सकाळी दिल्ली. रविवारी संध्याकाळी दिल्लीहून व्होल्वो, सोमवारी मनाली. सोमवारी आराम आणि जवळचं काय असेल ते. मंगळवारी रोहतांग. बरोबर? तर मंगळवारी रोहतांग टूरिस्टला बंद असतो. रस्त्याच्या देखभालीसाठी आठवड्यातून एक दिवस बंद ठेवतात आणि तो वार मंगळवार. हे काही गुपित नाहीये, तिथला चहावाला पण सांगतो. म्हणजे दर शनिवारी निघणारी ह्यांची प्रत्येक बॅच बरोब्बर बंदच्या दिवशी रोहतांगच्या पायथ्याशी पोचते आणि तरी जाहिरातीत रोहतांग दर्शनासह!

बाकीच्या दिवशी तरी काय, कोणीही उठून गाडी वर नेली असं नाहीच. हरित लवादाने गाड्यांवर मर्यादा घातलीय, दिवसाला १२०० गाड्या, त्यातल्या ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या, कारण धुराची काजळी बर्फावर बसते आणि बर्फ लवकर वितळतो. परमिट ऑनलाइन काढावं लागतं, सरकारी फी गाडीमागे काही शे रुपयेच आहे, पण सीझनमध्ये कोटा लगेच संपतो. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत हे सगळं एका ओळीत होतं, "परमिट उपलब्धतेनुसार, स्वखर्चाने", आणि ती ओळ इतकी बारीक की जाऊबाईंचा चष्मा लावून मी वाचली, ती पण व्होल्वोत बसल्यावर. चूक आमची पण आहेच. सही करायच्या आधी वाचायला हवं होतं.

मग मंगळवारी नेलं कुठे? अटल टनेलमधून पलीकडे सिस्सू गावाला. आता खरं सांगते, तो बोगदा बघण्यासारखाच आहे. ९.०२ किलोमीटर, ३ हजार मीटरच्या वर, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्याच्या आधी हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की पलीकडच्या लाहौलची माणसं महिनोन्‌महिने अडकून पडायची. आपला इगतपुरी-कसाऱ्याचा समृद्धीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा, त्यातून गेलेल्या नाशिककराला बोगद्याचं काय ते अप्रूप नाही असं भाऊजी म्हणत होते, पण अलीकडे हिरवी झाडं आणि दहा-बारा मिनिटांनी पलीकडे निघालं तर सगळे उघडे तपकिरी डोंगर, झाडंच गायब, तेव्हा भाऊजी पण गप्प झाले. पाऊस पलीकडे पोचतच नाही, डोंगर अडवतो, आपल्या इगतपुरी आणि सिन्नरसारखंच, फक्त दहापट.

पण ड्रायव्हर काय म्हणाला माहितीये? "मॅडम, यही रोहतांग समझो." आणि आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांनी खरंच समजलं! सिस्सूच्या धबधब्यापुढे उभं राहून स्टेटस टाकले, "अ‍ॅट रोहतांग पास". आता रोहतांग ३९७८ मीटर, सिस्सू त्याच्या कितीतरी खाली. पुढे कोकसरकडे रस्त्याच्या कडेला बर्फाचा एक काळपट ढीग होता, उन्हाने अर्धा वितळलेला, त्याच्यावर शे-दीडशे माणसं आणि एक याक. तो आमचा स्नो पॉइंट.

आणि त्या ढिगासाठी आम्ही पंधराशे रुपयांचे कपडे भाड्याने घेतले होते! हा प्रकार नीट सांगते कारण तो प्रत्येकाबरोबर होतो. सकाळी गाडी निघाली की पंधरा मिनिटांत ड्रायव्हर एका दुकानापुढे थांबवतो. रस्त्याला ओळीने अशी दुकानं, सगळ्यांवर मोठे नंबर, कारण ड्रायव्हरांनी नंबर लक्षात ठेवायचा असतो. आत ढीगभर रंगीत सूट आणि गमबूट. "ऊपर बहुत ठंड है, इसके बिना छोड़ेंगे नहीं." कोण नाही सोडणार ते काही सांगत नाही. माणशी तीनशे. माझ्या बुटात हात घालून बघितला तर आत गार ओल, आधीच्या बाईने काढून अर्धा तास पण झाला नसेल. सूटची चेन गळ्याशी अडकायची. वर सिस्सूला कडक ऊन, सगळे सूट कमरेला बांधून फिरत होते, आमच्या घरून आणलेल्या स्वेटर-कानटोप्या बॅगेत तशाच. निफाडला पारा घसरला की तुम्हीच पहिल्या पानावर दवबिंदू गोठल्याचे फोटो छापता, आपल्याला थंडी काही परकी नाही, साधं जॅकेट पुरलं असतं. परत देताना दुकानदार म्हणतो चेन तुटलीय, दोनशे द्या. मी म्हटलं, भैया, ती चेन घालतानाच तुटलेली होती, हा फोटो. मुलाने सकाळी गंमत म्हणून काढलेला फोटो कामी आला. घालायच्या आधी फोटो काढून ठेवा, एवढं तरी करा.

हॉटेलचं पण ऐका. पॅकेजात "मनालीत थ्री स्टार मुक्काम". हॉटेल होतं पतलीकूहलला, मनालीच्या चौदा-पंधरा किलोमीटर अलीकडे. म्हणजे नाशिकमध्ये राहायची सोय म्हणून सांगायचं आणि उतरवायचं ओझरला. हॉटेल स्वच्छ होतं, जेवण चांगलं, खिडकीतून बियास दिसायची, रात्रभर तिचा आवाज. पण संध्याकाळी मॉल रोडला जायचं तर टॅक्सी, यायचं तर टॅक्सी, आणि पॅकेजात "मॉल रोडवर मनसोक्त शॉपिंग, स्वतःच्या सोयीने". आता कळलं सोय कोणाची. नदीकाठाने जाताना २०२३ च्या जुलैच्या पुराच्या खुणा अजून दिसतात, तेव्हा बियासने कुलू-मनाली रस्ता जागोजागी खाल्ला होता, कुठे नुसती नवी काँक्रीटची भिंत, कुठे अर्धं तुटलेलं बांधकाम तसंच, आणि त्याच्याच शेजारी नवीन हॉटेलचे पिलर उभे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते बघून पुराचा अंदाज घेणारी माणसं आपण, आम्हाला तर त्या पिलरकडे बघूनच कसंतरी झालं.

साइटसीइंगमध्ये हिडिंबा मंदिर खरंच सुंदर. १५५३ मध्ये राजा बहादूरसिंगाने बांधलेलं, लाकडी, एकावर एक चढत गेलेली छपरं, आजूबाजूला देवदाराचं दाट जंगल, आत मूर्तीपेक्षा मोठी शिळाच डोळ्यात भरते. भीमाची बायको, जिला आपण राक्षसीण म्हणून मोकळे होतो, ती तिथे अख्ख्या खोऱ्याची देवी आहे, हे जाऊबाईंना फार आवडलं, त्यांनी तिथे नारळ ठेवला. पण आम्हाला वेळ किती दिला, पंचेचाळीस मिनिटं, त्यात वीस मिनिटं रांग आणि दहा मिनिटं ससेवाल्यांना टाळण्यात. हो, ससे. पांढरा अंगोरा ससा न विचारता हातात देतात, फोटो काढतात आणि मग पन्नास रुपये. (आपल्या रामकुंडावर पण हातात फुलांचा द्रोण कोंबतात, मला माहितीये, आपण पण काही कमी नाही.)

अ‍ॅडव्हेंचर! पॅकेजातलं "अ‍ॅडव्हेंचर अ‍ॅक्टिव्हिटी मोफत" म्हणजे हॉटेलच्या मागच्या बाजूला दोन झाडांना बांधलेला दोर. त्याच्यावरून चालायचं, तीन मिनिटं, झालं अ‍ॅडव्हेंचर. भाऊजी बासष्ट वर्षांचे, ते पण पार करून आले आणि विचारतात, सर्टिफिकेट मिळेल का. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, त्याला पॅराग्लायडिंग करायचं होतं आणि त्याचे पैसे अर्थातच वेगळे.

मनालीजवळच्या सोलांगला पॅराग्लायडिंगचे एजंट मागे लागतात. पहिल्याने साडेतीन हजार सांगितले, आम्ही पाठ फिरवली तर अडीच, चार पावलं चाललो तर अठराशे. भाजी घेताना असा भाव उतरला की मला बरं वाटतं, पण पोराला आकाशात सोडायचंय, तिथे निम्म्यावर आलेला भाव बघून माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं पायलटचं लायसन दाखवा, तर तो हसला, "आंटीजी, दस साल से उड़ा रहा हूँ." म्हटलं ते ठीक, कार्ड दाखव. नाही दाखवलं. तिथे पर्यटन विभागाकडे ऑपरेटर आणि पायलट दोघांची नोंदणी असावी लागते, आणि पावसाळ्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणं बंदच असतात, हे मुलानेच मोबाइलवर शोधून काढलं होतं. चौथ्या माणसाने न मागता कार्ड काढलं, मुलाचं वजन विचारलं, हार्नेसचे बकल एकेक ओढून बघितले आणि मग म्हणाला अभी हवा ठीक नहीं, एक घंटा रुको. कंपनीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बसमधले लोक वैतागलेत, आणि हा माणूस पैसे न घेता आम्हाला बसवून ठेवतोय. मला तेव्हाच पटलं की उडायचं तर ह्याच्याबरोबरच. पोरगं उडालं, मी खाली डोळे मिटून रामरक्षा म्हटली, आणि खाली आल्यावर म्हणतं, आई, परत एकदा? म्हटलं आता तू आणि तुझे बाबा.

बुधवारी मणिकर्ण. गरम पाण्याच्या झऱ्यात कापडात बांधून भात शिजवतात ते जाऊबाई तोंडाला पदर लावून बघत बसल्या, गॅसचा खर्च किती वाचतो म्हणून. गुरुद्वारात लंगरला जेवलो. पूर्ण ट्रिपमधलं हे एकमेव जेवण ज्याचं कोणी बिल मागितलं नाही.

आता शॉपिंग, ज्याच्यासाठी मी मुळात गेले होते. माझं माहेर येवल्याचं. घरात माग नव्हता पण गल्लीत दर दुसऱ्या घरात होता, खटखट ऐकतच आम्ही अभ्यास केला, त्यामुळे कापड हातात आलं की मी आधी उलटं करते, सवयच आहे. परत येताना कुलूच्या रस्त्यावर ड्रायव्हरने एका "फॅक्टरी आउटलेट"ला थांबवलं. दाराशीच एक हातमाग, त्याच्यावर टोपीवाला एक गृहस्थ. बस थांबली तसं त्याने धोटा मारायला सुरुवात केली, खटखट खटखट, सगळे व्हिडिओ काढतायत. सगळे आत गेले, मी दाराशीच चप्पल शोधत होते, तर खटखट बंद! त्याने मोबाइल काढला. मागावरचं कापड जेमतेम वीतभर, त्याच्यावर धूळ.

आत शाली. लाल, हिरवी, पिवळी नक्षीची पट्टी दोन्ही टोकांना, आपण कुलू शाल म्हणून ओळखतो तशीच. "प्युअर हँडलूम, प्युअर पश्मिना, आठ सौ." मी उलटी केली. मागे नक्षीभर सुटे धागे, कातरून टाकलेले. हाताने विणलेल्या पैठणीत मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीने भरतात, धागे एकमेकांत अडकवत जातात, म्हणून पदर पुढून आणि मागून जवळजवळ सारखा दिसतो, आणि मशीनवरच्या पैठणीच्या मागे असेच धागे लोंबतात. येवल्यातलं पोरगं पण सांगेल. मी दुकानदाराला म्हटलं, भैया, ये मशीन का है. तो म्हणाला, मॅडम, आप किधर से? मी म्हटलं येवला. त्याला येवला माहीत नव्हतं, पण त्याने ती शाल घडी करून मागे ठेवली. आणि पश्मिना आठशेला कसा येईल हो, तो लडाखकडच्या शेळीच्या वरच्या केसांखालच्या मऊ लोकरीचा, एका शेळीचा वर्षाला शे-दोनशे ग्रॅम निघतो, तो गोळा करायचा, निवडायचा, कातायचा, विणायचा. आठशेत तर लेबल पण होणार नाही. बसमधल्या बायकांना मी हळूच सांगितलं तर दोघींनी ठेवून दिल्या, एकीने माझ्यासमोरच चार घेतल्या आणि म्हणाली, गिफ्टच द्यायच्यात ना, कोण उलटं करून बघतंय.

गुरुवारी "फ्री डे". आमचं हॉटेल लांब म्हणून मी इतकी रडले, पण पतलीकूहलहून पूल ओलांडला की पलीकडे पाच-सहा किलोमीटर चढावर नग्गर. हॉटेलच्या स्वयंपाक्याने सांगितलं, एचआरटीसीची, म्हणजे तिकडच्या एसटीची, बस पकडा. गेलो. कुलूच्या राजांची जुनी राजधानी. किल्ला म्हणतात पण आहे मोठा वाडाच, एक थर दगड, एक थर देवदाराचं लाकूड, चुना नाही सिमेंट नाही, काठकुणी म्हणतात त्याला. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात उभा राहिला. इकडे पावसाळा आला की जुन्या नाशकात वाड्याची भिंत पडल्याची बातमी तुमच्याच पेपरात असते, त्यामुळे आमचे हे त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते. वर चढून गेलं की निकोलस रोरिक ह्या रशियन चित्रकाराचं घर, १९२८ पासून १९४७ मध्ये जाईपर्यंत ते तिथे राहिले, हिमालयाची चित्रं लावलेली आहेत, निळी, जांभळी. जुन्या सिनेमातल्या नायिका देविका राणी त्यांच्या सूनबाई हे ऐकून जाऊबाईंनी घर परत एकदा फिरून बघितलं. हे नग्गर आमच्या पॅकेजात नव्हतंच.

तिथेच एका घराच्या पडवीत एक बाई मागावर बसल्या होत्या. बस आली म्हणून नाही, त्यांचं त्या करतच होत्या. आम्ही नुसतं बघत उभ्या राहिलो तर त्यांनीच बोटाने दाखवलं, पट्टीतला लाल धागा इथे संपतो, हिरवा इथे सुरू होतो, दोघांची गाठभेट इथे. माझ्या घशात आवंढा आला, खरंच, भाषा येत नाही पण हात तेच करतायत. मी मोबाइलमधली माझ्या लग्नाची पैठणी दाखवली. त्यांनी फोटो मोठा करून मोर बघितला आणि काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही, पण मान हलवली. शाल मी शेवटी शुक्रवारी निघताना विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानातून घेतली, भुट्टिको, १९४४ सालापासूनची संस्था आहे, किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, लेबल लावलेलं, पक्की पावती. आठशेत नाही आली. एकच घेतली, आईसाठी.

आमच्या ह्यांनी मात्र मॉल रोडवर केशर घेतलंच, रस्त्यात डबी पुढे करणाऱ्या मुलाकडून, शंभरला एक, दोन डब्या. घरी येऊन बासुंदीत टाकलं तर बासुंदी क्षणात लालभडक, आणि वास कशाचाच नाही. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं. बासुंदी मी ओतून दिली, त्यावर ह्यांचं म्हणणं, दूध तरी चांगलं होतं.

तर मुद्दा असा की मनाली वाईट नाही. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवरचं गाव, आपली कळसूबाई १६४६, म्हणजे तिथे भाजी आणायला पण कळसूबाईच्या वर जावं लागतं, आणि तिथली साधी माणसं, स्वयंपाकी, विणकर बाई, तो एक तास थांबवणारा पायलट, ह्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आपल्या इथल्या लोकांची आहे, नाशकात ऑफिस थाटून बसलेल्यांची, आणि थोडी तुमची पण. राग मानू नका. सहलीची जाहिरात घेताना एवढं तरी मागा की हॉटेल कोणत्या गावात आहे, मुख्य ठिकाणापासून किती किलोमीटर, पॅकेजात नक्की कोणत्या अ‍ॅक्टिव्हिटी, आणि ज्याला परमिट लागतं ते स्थळ कोणत्या वारी, हे किमतीच्या आकड्याएवढ्याच टायपात छापा. २३,९९९ दोन इंचाचा आणि "स्वखर्चाने" मुंगीएवढं, हे चालतं कसं? मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, बघू. कंपनीत विचारलं तर तीच गोड मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्सू तर रोहतांगपेक्षा भारी आहे, बाकी कस्टमर खूश आहेत."

शाल घेऊन मी येवल्याला जाऊन आले. आईला आता नीट दिसत नाही. तिने शाल मांडीवर घेतली, उलटी केली, मागून पट्टीवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, बरी आहे, किती दिवस लागले असतील गं?

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ता. क. : हे पत्र लिहून झाल्यावर आजचा अंक उघडला. आतल्या पानावर तीच जाहिरात आहे, आता दिवाळी व्हेकेशन स्पेशल, माणशी २५,९९९. रोहतांग दर्शनासह. दर शनिवारी प्रस्थान.